हप्त्याच्या वर थोडं

घर घेतल्याचं कळलं की माणसं बघायला येतात. खिडकी उघडून वारा किती येतो ते बघतात, नळ सोडून पाण्याचा जोर बघतात, भिंतींच्या रंगावर न विचारता मत देतात. पण त्या घराच्या कर्जात आपण दर महिन्याला हप्त्याच्या वर थोडे पैसे टाकतो, ही गोष्ट दाखवायची म्हटली तरी दाखवता येत नाही. गाडी घेतली तर ती दारात उभी राहते, सहलीला गेलं तर निदान फोटो निघतात. जादा भरलेल्या हजाराचा पुरावा म्हणजे खातेउताऱ्यातली एक ओळ, आणि तीही इतकी बारीक छापलेली की चष्मा शोधावा लागतो.

बेताच्या पगारात हे करत राहायचं तर हुरूप टिकवायला हवा, असं सगळे सांगतात. मला वाटतं, घोडं तिथेच पेंड खातं. कारण या व्यवहारात हुरूप आणि हिशेब यांची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत.

समजा, २० लाखांचं कर्ज आहे, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता बसतो १७,३५६. पहिल्या हप्त्यातले १४,१६७ व्याज म्हणून जातात आणि मुद्दलाच्या वाट्याला जेमतेम ३,१९० येतात. वर्षभर एकही हप्ता न चुकवता २ लाख ८ हजार भरायचे, आणि वर्षाअखेर बाकी बघायची तर ती पुरत्या ४० हजारांनीही उतरलेली नसते. हप्त्यातलं मुद्दल व्याजाच्या पुढे जातं ते बारावं वर्ष संपत आल्यावर. थेंबे थेंबे तळे साचे, हे शाळेत शिकवलं होतं. इथे तळं साचवायचं नाही, उपसायचं आहे, तेही थेंबाथेंबाने, आणि तळाशी झरा चालूच आहे! पहिल्या दोन-तीन वर्षांत माणसाचं अवसान गळतं त्यात नवल नाही.

पण याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. त्याच कर्जात पहिल्या महिन्यापासून दरमहा फक्त १,००० जादा भरले, तर २४० महिन्यांचं कर्ज साधारण २०९ महिन्यांत फिटतं आणि व्याजाचे सव्वातीन लाखांच्या आसपास वाचतात. हे वाक्य ऐकून लोक माना डोलावतात आणि विसरून जातात, कारण सव्वातीन लाख सतरा-अठरा वर्षांनंतरचे असतात आणि १,००० आत्ताचे, याच महिन्याचे, वीस तारखेनंतर हमखास कमी पडणारे.

माझ्यापुरता तोडगा मला परतफेडीच्या तक्त्यात, म्हणजे प्रत्येक हप्त्यातलं व्याज, मुद्दल आणि उरलेली बाकी ओळीओळीने मांडलेल्या कागदात, सापडला. कर्ज घेताना तो मिळतो, नाहीतर मागून घेता येतो. बहुतेक जण त्याचं पहिलं पान बघतात आणि उदास होऊन फाइलला लावून टाकतात. पहिलं पान आहेच तसं. गंमत शेवटच्या पानावर आहे. सगळ्यात खालची ओळ: हप्ता क्रमांक २४०, रक्कम १७,३५६, त्यात व्याज फक्त १२२, बाकी शून्य. आता पहिल्याच महिन्यात हप्त्यासोबत ३,२१२ जादा भरले, तर ही अख्खी ओळ गळून पडते. कारण त्या ३,२१२ वर पुढची वीस वर्षं चढत जाणारं व्याजही टळतं. ३,२१२ मध्ये १७,३५६ ची ओळ! मी पट्टी ठेवून, लाल पेनाने, खालून वर ओळी खोडत जातो. वरच्या ओळी महिन्यामागून महिना आपोआप मागे पडतात, त्यात आपलं कर्तृत्व काही नाही. हप्ता तर भरावाच लागतो. खालून खोडलेली ओळ मात्र स्वतःची कमाई. एका ओळीएवढे पैसे साठायला कधी तीन-चार महिने लागतात, मग पेन तेवढे महिने वाट बघतं. बायको म्हणाली, "रेघा मारायच्या तर मार, पण पोरीचे बूट आखूड झालेत, ते आधी बघ." बरोबर होतं. त्या महिन्यात बूट आले आणि तक्ता तसाच राहिला.

तर मुद्दा हा की शेवटची तीच ओळ खोडायला पहिल्या महिन्यात ३,२१२ पुरतात, दहा वर्षांनी ७,४४० लागतात आणि एकोणीस वर्षांनी जवळजवळ १६ हजार. म्हणजे पगार सगळ्यात तुटपुंजा असतो, नवं घर लावताना रोज काहीतरी निघत असतं, त्याच काळात जादा पैशाला सगळ्यात जास्त धार असते. आणि नेमका तेव्हाच हुरूप नसतो. क्लार्क हल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली उंदरांबद्दल असं मांडलं होतं की खाऊ जसजसा जवळ येतो तसतसे ते भूलभुलैयात जास्त वेगाने धावतात. माणसाचंही तेच. शेवट दिसू लागला की पायात बळ येतं. २४० ओळींच्या तक्त्यात मात्र पहिली कैक वर्षं शेवट दिसतच नाही. शेवटचं पान आधी उघडण्याचा माझा उद्योग म्हणजे खाऊ थोडा अलीकडे ओढून ठेवण्याचाच प्रकार आहे. कुणी घराचं चित्र काढून त्यात चौकोन पाडतात आणि एकेक रंगवतात. कुणाला ते पोरकट वाटेल. पण वीस वर्षांच्या कर्जाला थोडा पोरकटपणा खपून जातो.

बदलत्या दराच्या कर्जात या तक्त्याची कधी कधी चांगलीच फजिती होते. दर वाढला की पुष्कळदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते. वरच्याच उदाहरणात पहिलं वर्ष संपताना दर ८.५ चा ९ झाला, तर त्या अर्ध्या टक्क्याने तेवीसेक महिने वाढतात. लाल पेनाने खोडलेल्या ओळी उठून बसतात, सोबत आणखी पाहुणे घेऊन. माझा कागद त्या दिवशी फाडून टाकण्याच्या लायकीचा झाला होता. जादा भरणं सोडून देणारे लोक बहुधा इथेच सोडतात: एवढं करून काय मिळालं? मी तो हिशेब पुन्हा मांडला. जादा काही भरत नसतो तर कर्ज २४० वरून २६३ महिन्यांवर गेलं असतं. दरमहा १,००० चालू ठेवले तर ते २२५ महिन्यांत संपतं. दर वाढूनसुद्धा मूळ मुदतीच्या पंधरा महिने आधीच. नवा तक्ता छापून घेतला. नवाकोरा, एकही रेघ नसलेला तक्ता बघायला जरा जड जातं, हे खरं.

"तेच पैसे गुंतव ना," असं सांगणारा मित्र प्रत्येकाला असतो, आणि त्याचं कधी कधी बरोबरही असतं. पण जादा भरलेल्या रकमेवर कर्जाच्या दराएवढा फायदा पक्का होतो, त्यासाठी बाजाराकडे बघत बसावं लागत नाही. पगार बेताचा असला की ‘पक्का’ या गोष्टीची किंमत वाढते. मात्र क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती. तिचं व्याज घराच्या कर्जापेक्षा कितीतरी जास्त असतं. आणि काही महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळी असल्याशिवाय लाल पेन हातात घेऊच नये. कर्जात टाकलेले पैसे भिंतीत गेले; आजारपणात किंवा नोकरी गेल्यावर भिंत खरवडून ते निघत नाहीत. मुदतीआधी भरल्याबद्दल काही करारांत दंड असतो, तोही वाचून घ्यावा. आणि जादा रक्कम भरताना फॉर्मवर विचारतात, हप्ता कमी करायचा की मुदत? तिथे मुदत. हप्ता कमी झाला की महिना सुटसुटीत होतो आणि सुटसुटीत महिन्यात ते पैसे कुठे जातात, हे आपलं आपल्यालाही सांगता येत नाही. काही ठिकाणी तर न सांगता भरलेली रक्कम पुढच्या हप्त्याचा आगाऊ भरणा म्हणून धरतात. म्हणून पावती आली की मी आधी मुद्दलाची बाकी उतरली का ते बघतो.

हुरूपावर मी आता फार विसंबत नाही. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी छोटी ठरावीक रक्कम आपोआप वळती होते. इतकी छोटी की तिच्यावाचून कुणाचं अडत नाही. त्या दिवशी मी वैतागलेला असलो तरी ती जाते, खुशीत असलो तरी तेवढीच जाते. अवांतर मिळालं, कुठला भत्ता थकला होता तो आला, की त्यातला काही भाग त्याच वाटेने जातो. सगळाच्या सगळा नाही. तसं करणारी माणसं मी पाहिली आहेत; वर्षभर घरच्यांच्या प्रत्येक मागणीला ‘कर्ज फिटू दे’ म्हणतात आणि मग एका महिन्यात जादा भरणंच कायमचं बंद करतात. वाढदिवसाला बाहेर जेवायला जाणारी माणसंच यात जास्त वर्षं टिकतात, असं माझं निरीक्षण आहे.

उरला शेवट. पहिल्या महिन्यात जादा टाकलेले १,००० पूर्ण मुदतीत ४,४०० च्या आसपास व्याज वाचवतात. शेवटचं वर्ष उरलं असताना टाकलेले १,००० फक्त ८८. तेव्हा खरं तर घाई करायचं काहीच कारण नसतं, नेहमीचे हप्ते भरत निवांत बसावं. पण तेव्हा मी निवांत बसणार नाही, हे मला आत्ताच ठाऊक आहे. इकडचे तिकडचे खण धुंडाळीन, कुठली ठेव मोडता येईल का बघीन, आणि त्या ८८ साठी जिवाचं रान करीन. त्या वेळी कुणी हिशेब समजावायला आलंच, तर त्याला बायकोकडे पाठवीन. तिने तोवर मला समजावायचं सोडून दिलेलं असेल.