जुन्या गोव्याच्या वाटेवर मरणाचे भय

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्तासाठी, म्हणजे वार्षिक सणासाठी, चालत जाणाऱ्या आमच्या तुकडीत कोणी नवस फेडायला येते, कोणी घरची रीत म्हणून येते. यंदा मला मरणाच्या भयाने तेथे नेले. वडील गेल्यापासून ते भय मनात ठाण मांडून बसले होते. दिवसा कामाच्या गडबडीत ते जाणवत नसे, पण रात्री कूस बदलताना आपलाही श्वास असाच एकदा थांबणार हा विचार येई आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. प्रार्थना करणाऱ्या माणसाला असे भय वाटणे शोभत नाही, या समजुतीने मी ते घरातही बोललो नव्हतो.

चालताना आम्ही जपमाळ म्हणतो. पुढची मंडळी प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणतात आणि मागची उत्तरार्ध पुरा करतात. पवित्र मारियेने आमच्यासाठी आता विनंती करावी आणि आमच्या मरणाच्या वेळीही करावी, अशी याचना त्या उत्तरार्धात आहे. ही प्रार्थना माळेच्या प्रत्येक दशकात दहा वेळा येते, म्हणजे पाच दशकांच्या एका माळेत आपण स्वतःच्या मरणाचे नाव पन्नास वेळा घेतो. लहानपणापासून ओठांवर असलेल्या या शब्दांकडे माझे लक्ष बांद्याच्या पुढे, अंधारात चालताना प्रथमच गेले. ज्या गोष्टीकडे मी पाठ फिरवून होतो, तिचा उच्चार ख्रिस्तसभा मला रोज, तोही इतरांच्या सोबतीने करायला लावत होती.

पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी आम्ही थोडे विसावलो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी येथे पोर्तुगिजांच्या गोळीबारात निःशस्त्र सत्याग्रही पडले. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्विनास यांनी धैर्य या सद्गुणाचा विचार करताना मरणाच्या संकटालाच त्याची खरी कसोटी मानले आहे, आणि चाल करून जाण्यापेक्षा भयासमोर न हलता टिकून राहणे हे धैर्याचे मुख्य कार्य होय, असे म्हटले आहे. या शिकवणीत भय नाहीसे होण्याची अट नाही, हे मला फार मोलाचे वाटते. गेथशेमनी बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला, हा प्याला टळावा असे त्याने पित्याला विनवले, आणि तरीही तो तेथून निघून गेला नाही. ज्या देवाने हे भय स्वतः सोसले, त्याच्यापासून मी ते का लपवत होतो?

म्हापशाच्या अलीकडे मी हे सारे आमच्या तुकडीतल्या एका वयस्क काकांना सांगितले. गावात कोणी अत्यवस्थ झाले की त्यांना बोलावणे जाते. धर्मगुरू रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, देऊन गेल्यावरही ते उशाशी बसून राहतात, आणि प्राण गेल्यावर प्रेताला आंघोळ घालून कपडे चढवतात. मृतांना मूठमाती देणे हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक आहे, हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले होते. त्यांनी ते आयुष्यभर केले. ‘‘काका, तुमचे भय गेले असेल ना?’’ असे विचारताच ते म्हणाले, ‘‘भय खय जाता रे? पण कोणाचो तरी हात हातात असलो म्हणजे ता गप रवता.’’

पणजीहून रायबंदरकडे मांडवीच्या काठाने जाताना मला संत फ्रान्सिस झेवियर वेगळ्या रीतीने आठवले. ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरल्यावर ते येथल्या रुग्णालयात राहिले, रुग्णांची आणि कैद्यांची सेवा करत राहिले. कितीतरी माणसांचे शेवटचे श्वास त्यांनी जवळून पाहिले असतील. पुढे चीनच्या किनाऱ्याजवळील सांशियान बेटावर, एका झोपडीत, पलीकडे नेणाऱ्या नावेची वाट पाहत असताना ते तापाने आजारी पडले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी, चीनच्या भूमीवर उतरण्याची इच्छा अपुरी ठेवून गेले. अंतोनियो नावाचा एक चिनी ख्रिस्ती तरुण तेवढा उशाशी होता. त्याने त्यांच्या हातात पेटती मेणबत्ती दिली, असे सांगतात. त्यांचा देह चांदीच्या पेटीत जेथे ठेवला आहे, त्या जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकेत येणारे बहुतेक भाविक शतकानुशतके टिकलेल्या त्या देहाचे नवल करतात आणि त्यांच्या श्रद्धेविषयी मला आदरच आहे. मला मात्र देह टिकल्यापेक्षा त्या झोपडीत अंतोनियो उठून गेला नाही, याचाच आधार अधिक वाटला.

चांदीच्या पेटीखाली उभा राहून मी भय जावे असे मागितले नाही. दुसऱ्या कोणाच्या भयाच्या वेळी मला तेथे बसता यावे, एवढेच मागितले. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, संपल्यावर काकांना म्हटले, पुढच्या वेळी बोलावणे आले की मलाही न्या. ते लगेच हो म्हणाले आणि पहिल्या दिवशी काय करायचे तेही त्यांनी सांगितले: बोलायचे कमी, जपमाळ हळू पण ऐकू जाईल अशी म्हणायची, आणि घरच्यांनी जेवून घ्यावे म्हणून त्यांना उठवून त्यांच्या जागी आपण बसायचे.