मल्हार, पण कोणता?

१३ जुलै, भांडुप

आज दादाच्या मुलाचं बारसं झालं. बाळाच्या कानात कुर्र करायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. नाव मात्र वहिनीने आधीच ठरवलं होतं: मल्हार. पत्रिकेत मघा नक्षत्र निघालं, मा-मी-मू-मे, त्यामुळे गुरुजीही खूश.

वहिनी गाणं शिकलेली. तिच्या डोक्यात राग आहे, पावसाचा. तानसेनाच्या नावावर सांगितला जाणारा मियाँमल्हार, त्यातले लागोपाठ येणारे दोन निषाद, म्हणजे 'नी' स्वर. मुंबईत ऐन जुलैत जन्मलेल्या पोराला शोभतंच म्हणा. आईच्या डोक्यात मात्र जेजुरी. आमचं कुलदैवत खंडोबा, त्यामुळे मी कुर्र करून नाव सांगितलं तशी ती 'यळकोट यळकोट जय मल्हार' असं ओरडलीच. बाळ दचकून रडायला लागलं. दोघींना हवं ते नाव एकच निघालं म्हणून निभावलं.

मला विचाराल तर मी आईच्या बाजूची, पण कारण वेगळं. मल्ल अधिक अरि, मल्लारि. त्याचंच मल्हारी, मल्हार. मल्लाचा शत्रू. मणी आणि मल्ल हे दैत्य भाऊ, मार्तंडभैरवाने, म्हणजे खंडोबाने, त्यांना मारलं, म्हणून आपण चंपाषष्ठी करतो. मणी शेवटी शरण आला, आपला पांढरा घोडा देवाला देऊन टाकला, त्याला देवळात जागा मिळाली. मल्ल काही वाकला नाही. त्याचं मुंडकं पायरीशी पडलं, भक्तांच्या पायाखाली. आणि देवाच्या नावात राहिला कोण, तर हाच! मुरारी म्हणताना आधी मुर येतो, तसं खंडोबाला हाक मारताना आधी मल्ल. शरण गेलेल्या मणीचं नाव कुणी पोरांना ठेवत नाही. (अभ्यासक या नावाचा संबंध कानडी मैलाराशीही जोडतात. तो म्हणजे कर्नाटकातला आपला खंडोबाच. पण आईपुढे हे काढायची सोय नाही.)

दादाला यातलं कशाचंच सोयरसुतक नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, ती हॉस्पिटलने वेळेत केली, पण नावाची जागा कोरी आहे. तेवढ्यासाठी तो वॉर्ड ऑफिसात जाणार. जेवताना त्याचा एकच प्रश्न, इंग्रजीत शेवटी 'ए' एक लावायचा की दोन? वहिनी म्हणाली, दोन, नाहीतर शाळेत 'मल्हर' करतील. दादा म्हणाला, पुढे पासपोर्टला घोळ होतो, एकच बरा.

आई म्हणाली, काय लावायचे ते लावा, मी त्याला खंडूच म्हणणार.