बुडापेस्टच्या मंडईत अळंबी तपासून घेताना

वेताची टोपली मांडीवर धरून ४७ नंबरच्या ट्रामने डॅन्यूब ओलांडली. पूल संपतो तिथेच शहराची मोठी मंडई आहे. इमारत १८९७ सालची, विटांची, छपरावर रंगीत कौलं. शनिवारी ती दुपारीच बंद होते, म्हणून पहाटे जंगलात जाऊन अकराच्या आत इथे पोचायचं ठरवलं होतं. टोपलीत दोन-अडीच तास फिरून गोळा केलेली रानअळंबी होती.

हंगेरीत रानातून आणलेली अळंबी मंडईत तपासून मिळते, तीही घरच्या खाण्यासाठी असेल तर फुकट. हे मला ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं. जंगलात नेलं तिनेच आणि अटीही तिच्याच. अळंबी सुरीने कापायची नाही, हलकेच पिळून बुडासकट काढायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडायची नाही. प्रत्येक जात वेगळी ठेवायची. सरकारी जंगलातून घरासाठी माणशी दिवसाला २ किलोंपर्यंत घेता येते. आमची त्याच्या निम्मीही नव्हती.

माझं लहानपण सावंतवाडीकडे गेलं. पावसात आजी वारुळावरची अळंबी आणायची, लांब मुळासकट उपटून. कुठली घ्यायची हे तिलाच ठाऊक. आम्ही टोपली धरायचो आणि संध्याकाळी ओल्या खोबऱ्यातलं सुकं खायचो, कधी काही विचारलं नाही. इथलं जंगल वेगळं, जाती वेगळ्या. आजीबरोबर फिरल्याचा इथे काडीचाही उपयोग नाही, हे पहिल्या झाडाखालीच कळलं.

मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती. पाप्रिका मिरच्यांच्या लाल माळा, टांगलेले सलामी सॉसेज, तळघरातून येणारा लोणच्यांचा आंबूस वास. या सगळ्यातून वाट काढत तपासनिसाच्या टेबलापर्यंत पोचलो. पुढे एक आजोबा होते. त्यांची टोपली पाच मिनिटांत झाली.

माझी पाळी आली तशी तपासनीस बाईंनी टोपली अख्खी टेबलावर उलटी केली. वरवर चार बघून हो म्हणणं नाही. प्रत्येक नग हातात घेणार. छत्रीएवढ्या मोठ्या टोपीची अळंबी आधी घेतली. देठावरचं कडं बोटांनी वरखाली सरकवून दाखवलं, देठावरची सापाच्या कातडीसारखी नक्षी दाखवली. ही चांगली. टोपी खायची, देठ चिवट असतो, टाकून द्यायचा.

मग पांढरी. मला वाटलं होतं, ही तर दुकानात मिळते तीच. बाईंनी एकीच्या बुडाला नखाने ओरखडा काढला आणि तो भाग डोळ्यांदेखत हळदीसारखा पिवळा झाला. त्यांनी ती माझ्या नाकाशी धरली. वास थेट दवाखान्यातल्या जंतुनाशकाचा! खाल्ली असती तर उलट्या आणि पोटात मुरडा. तशा सात निघाल्या. सातही बाजूच्या डब्यात गेल्या. विषारी नग परत मिळत नाहीत.

बुडासकट का आणायचं, हे मैत्रिणीने मध्ये पडून विचारलं. बाईंनी भिंतीवरचं चित्र दाखवलं : हिरवट टोपी, पांढरं कडं आणि बुडाशी मातीत लपलेली पिशवी. हंगेरियन भाषेत तिच्या नावातच 'खुनी' हा शब्द आहे. वरून कापली तर ओळखीची खूण जमिनीतच राहते. शिजवून तिचं विष जात नाही. त्रास सुरू व्हायला सहा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो, आणि मग घाव बसतो यकृतावर.

रात्री मोठ्या टोप्या ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळल्या आणि आईला फोन लावला. आजी अळंबीत नेमकं काय बघायची?

"बुडाक हात लावून बघी, वास घेय," आई म्हणाली. "बाकी काय ता तिनाच जाणे. आमी कधी इचारूकच नाय."

असं एक टेबल पावसाळ्यात सावंतवाडीच्या बाजारातही हवं, असं मला मनापासून वाटतं. अळंबी ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बायका तिथे अजून आहेत. पुढच्या जूनमध्ये गावी जाणार आहे, तेव्हा त्यांच्यातल्या कुणाबरोबर तरी वारुळापर्यंत जाईन. या वेळी टोपली धरून नुसता मागे उभा राहणार नाही.