वजन माझं, की जंतूंचं?

‘आम्ही दोघं एकाच पातेल्यातलं जेवतो. हे सडपातळ, मी मात्र फुगत चाललेय. पोटातल्या जंतूंचा तर हा प्रताप नाही ना?’ सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो म्हटलं की लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

संशय निराधार नाही. अमेरिकेत सेंट लुइसला जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत जन्मापासून जंतुविरहित वाढवलेले उंदीर होते. साध्या उंदरांचे जंतू त्यांच्या आतड्यात सोडले, तर दोन आठवड्यांत चरबी साधारण ६० टक्क्यांनी वाढली. खाणं उलट कमी झालेलं! हे २००४ सालचं. मग २०१३ मध्ये एक लठ्ठ, एक सडपातळ अशा जुळ्यांच्या विष्ठेतले जंतू उंदरांना दिले. लठ्ठ बाजूचे जंतू मिळालेले उंदीर जास्त चरबी धरू लागले. किळसवाणा वाटेल, पण प्रयोग देखणा आहे.

त्याचा उत्तरार्ध मात्र व्हॉट्सॲपवर कुणी पाठवत नाही. दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे सडपातळांचे जंतू दुसऱ्यांत शिरले आणि त्यांची चरबी वाढायची थांबली. पण कधी? खाण्यात चोथा भरपूर आणि स्निग्ध पदार्थ कमी असतील तरच. तुपकट, भाज्याफळं कमी असलेल्या खाण्यावर तेच जंतू तग धरेनात.

माणसांचं म्हणाल, तर ॲमस्टरडॅममध्ये सडपातळ दात्यांचे जंतू लठ्ठ पुरुषांना देऊन पाहिले. इन्शुलिनचा परिणाम काही आठवडे सुधारला, वजन ढिम्म. म्हणून जंतूंच्या महागड्या कॅप्सूल घेऊन वजन उतरेल, असं मी कुणाला सांगत नाही. दही खा, पण दही म्हणून.

पचनात मात्र या मंडळींचा हात मोठा. आपल्याला न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात ते आंबवतात. त्यातून निघणाऱ्या ब्युटिरेट नावाच्या मेदाम्लावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. कडधान्यांतल्या काही साखरा फोडणारं विकर (एन्झाइम) आपल्याकडे नाहीच, त्यांच्याकडे आहे. उसळ खाल्ल्यावर पोटात गुडगुड होते ती त्यामुळे. एरवी कडधान्य फारसं खात नसाल तर वाटीभराने सुरुवात करू नका, चार चमचे पुरेत. मटकी, चवळी रात्रभर भिजवा, पाणी ओतून द्या, मोड येऊ द्या. त्या साखरा बऱ्याच कमी होतात.