शिक्षा झालेल्याला खुर्ची द्यावी का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोल्हापुरात निवडणूक लागली की तालमीच्या कट्ट्यापासून कसबा बावड्यातल्या कोर्टापर्यंत हा प्रश्न निघतोच. माझं मत असं: सरपंचाला जे माप लावता, तेच आमदाराला लावा. आज मापं दोन आहेत.

ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 नुसार सहा महिन्यांची कैद झाली की सदस्यत्व जातं आणि सुटल्यानंतर पाच वर्षं उभं राहता येत नाही. गायरानात अतिक्रमण निघालं तर कैदेचीही गरज नाही. आमदार-खासदारांना लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 8 लागू. तिथे साध्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा लागते. मग सुटकेनंतर आणखी सहा वर्षं बंदी. म्हणजे एक वर्ष अकरा महिन्यांची शिक्षा झाली तर सरपंच घरी आणि आमदार सभागृहात! काही गुन्ह्यांना मात्र ही सूट नाही. मतदाराला पैसे वाटल्याचं सिद्ध झालं तर नुसत्या दंडावरही सहा वर्षं जातात.

आजन्म बंदी मला पटत नाही. नुसता गुन्हा दाखल आहे म्हणून बंदी तर मुळीच नाही. ऊसदर आणि टोलच्या आंदोलनांतले निम्मे कार्यकर्ते बाद होतील.

खरी मेख अपिलात आहे. पूर्वी तीन महिन्यांत अपील केलं की आमदारकी वाचायची. लिली थॉमस खटल्यात 10 जुलै 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बुजवली. आता निकालाच्या दिवसापासूनच अपात्रता. बातमीत 'शिक्षेला स्थगिती' वाचून लोक फटाके लावतात, पण त्याने फक्त तुरुंग टळतो. पद वाचायला 'दोषसिद्धीला स्थगिती', म्हणजे दोषी ठरवणाऱ्या निकालालाच स्थगिती, लागते आणि कोर्ट ती सहजासहजी देत नाही. नागपूर जिल्हा बँक प्रकरणात डिसेंबर 2023 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झालेले काँग्रेसचे आमदार सुनील केदार जामिनावर सुटले. दोषसिद्धीला स्थगिती मिळाली नाही, म्हणून 2024 ची विधानसभा त्यांना लढवता आली नाही.

मतदाराने काय बघावं? उमेदवाराचं शपथपत्र, नमुना 26. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. प्रलंबित खटले आणि झालेल्या शिक्षा यांचे रकाने वेगवेगळे असतात, ते एकत्र मोजू नका. प्रलंबितमध्ये कलमं बघा आणि आरोप निश्चित झालेत का, म्हणजे कोर्टाने खटला चालवायचं ठरवलंय का, ते बघा. रास्ता रोको आणि खंडणी एका तराजूत घालायची नसते. शिक्षेच्या रकान्यात तारीख, मुदत आणि अपिलाची स्थिती बघा.

माहिती दडवली तर कलम 125अ खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद. एवढ्याने आमदारकी जात नाही. म्हणून आधी हेच कलम दोन वर्षांचं करायला हवं. तोवर निवड रद्द करायची तर निवडणुकीच्या निकालापासून 45 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते. मुदत टळली की याचिका गेली.