मध्यरेषेपासून मैलभर बाजूला

कमर्शियल पायलट लायसन्सच्या ट्रेनिंगसाठी महाराष्ट्रातून फ्लोरिडाला जाणारी मुलं बरीच असतात, मीही त्यांतलाच. मार्गाची रेघ मुद्दाम काही मैल बाजूला सरकवून उडायचं, म्हणजे ‘पॅरलल ट्रॅक’ किंवा ऑफसेट, हे मी तिथेच शिकलो. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर फ्लाइट स्कूलची इतकी गर्दी की हवा चांगली असेल तर सकाळी रेडिओवर बोलायला फट सापडत नाही. बहुतेकांच्या क्रॉस-कंट्रीचे (दूरच्या विमानतळांपर्यंतच्या सराव-उड्डाणांचे) टप्पेही तेच : व्हेरो बीच, मेलबर्न, ऑर्मंड बीच.

पूर्वी व्हीओआरच्या (जमिनीवरच्या रेडिओ-केंद्रावरून दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) सुईवर उडताना विमानं आपोआप विखुरली जायची. एअरवे, म्हणजे आखलेला हवाईमार्गच, मध्यापासून दोन्ही बाजूंना चार-चार मैल धरलेला असतो आणि त्यात कोणी इकडे, कोणी तिकडे असायचं. जीपीएस मात्र काही मीटरच्या फरकाने त्याच रेघेवर आणून ठेवतो, जाणाऱ्यालाही आणि येणाऱ्यालाही. मग दोघांच्या मध्ये उरते ती फक्त उंची. व्हीएफआरमध्ये, म्हणजे बाहेर बघून उडताना, त्या किनाऱ्याने उत्तरेला जाताना ४,५०० फूट, परतताना ३,५०० किंवा ५,५००. पण चढताना-उतरताना हे थर ओलांडावे लागतातच आणि जमिनीपासून ३,००० फुटांपर्यंत हा नियम लागूच होत नाही.

माझ्या इन्स्ट्रक्टरनी हे समजावताना ब्राझीलचा अपघात सांगितला. २९ सप्टेंबर २००६ ला गोल एअरलाइन्सचं बोइंग ७३७ आणि एक एम्ब्रेअर लेगसी जेट एकाच एअरवेवर, ३७,००० फुटांवर समोरासमोर आली. लेगसीचा ट्रान्सपॉन्डर (विमानाची ओळख आणि उंची कळवणारं यंत्र) बंद होता, कंट्रोलकडून उंचीचा घोळ झाला होता. लेगसी कसंबसं उतरलं, बोइंगमधले १५४ जण गेले. दोन्ही विमानं रेघेवर अगदी अचूक होती. त्यांपैकी एक जरी मैलभर उजवीकडे असतं तर ती एकमेकांना नुसती ओलांडून गेली असती. हे ऐकल्यावर पॅरलल ट्रॅक हा मेन्यूतला जादाचा पर्याय आहे असं मला कधी वाटलं नाही.

माझा पहिला खरा वापर मेलबर्न ते ऑर्मंड बीच या टप्प्यावर झाला. थेट रेघ टायटसव्हिलच्या अंगावरून जाते आणि उजव्या हाताला केप कॅनाव्हरलचं प्रतिबंधित क्षेत्र असतं. समोरून येणाऱ्यांसाठी उजवीकडे सरकावं हा रिवाज, पण इथे उजवीकडे जाणं म्हणजे थेट त्या हद्दीकडे. म्हणून आम्ही डावीकडे, जमिनीच्या बाजूला चार मैल घेतले. जी१००० या कॉकपिटमधल्या पडद्यावर एफपीएल (फ्लाइट प्लॅन), मग मेन्यू, पॅरलल ट्रॅक, दिशा, अंतर, एन्टर. नकाशावरची मॅजेंटा रेघ बाजूला सरकली, बिंदूंच्या नावांपुढे ‘-पी’ लागलं आणि नॅव्ह मोडमधला ऑटोपायलट स्वतःच नव्या रेघेकडे वळला. अप्रोचवाल्या कंट्रोलरला आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. फ्लाइट फॉलोइंगवर, म्हणजे कंट्रोलर रडारवर आपल्यावर लक्ष ठेवत असताना, न सांगता बाजूला गेलं, तर त्याच्या पडद्यावर ते भरकटल्यासारखं दिसतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. सुई मध्यावर आली की आपण ऑफसेटवर आहोत, मूळ मार्गावर नाही. शिवाय डायरेक्ट-टू (एखाद्या बिंदूकडे थेट) दाबलं, अप्रोच (उतरण्याचा मार्ग) लोड केला किंवा मार्गात १२० अंशांहून मोठं वळण आलं की ऑफसेट आपोआप रद्द होतो आणि ऑटोपायलट जुन्या रेघेकडे निघतो. त्यामुळे यंत्राने सोडण्याआधी तो आपणच, ठरवून काढावा. आयएफआरमध्ये, म्हणजे यंत्रांवर आणि कंट्रोलने मंजूर केलेल्या मार्गाने उडत असाल तर कंट्रोलची परवानगी मागितल्याशिवाय एक मैलही सरकायचं नाही.

किनाऱ्याने जाताना याचा आणखी एक उपयोग मला फार आवडायचा. सेसना १७२ इंजिन बंद पडल्यावर दर हजार फुटांना साधारण दीड मैल तरंगत जाते. रेघ पाण्यावरून जात असेल तर ती जमिनीकडे सरकवून ठेवायची, म्हणजे कायम कुठेतरी उतरता येईल इतकी जमीन टप्प्यात राहते. शोधमोहिमेतही हीच सोय कामी येते : एक रेघ आखायची आणि ऑफसेट वाढवत शेजारी-शेजारी पट्टे उडायचे.

आता मी मोठ्या विमानात को-पायलट आहे आणि समुद्रावर हाच ऑफसेट ‘स्लॉप’ (स्ट्रॅटेजिक लॅटरल ऑफसेट प्रोसीजर) या नावाने भेटतो. जिथे तो मान्य आहे तिथे उजवीकडे दोन मैलांपर्यंत सरकता येतं, यंत्रणा साथ देत असेल तर मैलाच्या दशांशानेही. डावीकडे कधीच नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. वरच्या विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यांपासून, म्हणजे वेक टर्ब्युलन्सपासून, वाचण्यासाठी तर हा फार मोलाचा. ७ जानेवारी २०१७ ला अरबी समुद्रावर चॅलेंजर ६०४ या एका छोट्या बिझनेस जेटच्या हजार फूट वरून समोरून आलेलं अवाढव्य ए३८० गेलं आणि त्याच्या भोवऱ्याने चॅलेंजर गरगर फिरलं. ते मस्कतला उतरलं, पण पुन्हा उडण्याच्या लायकीचं राहिलं नाही.

म्हणून मी आता वारा आधी बघतो. वरच्या विमानाचा वेक वाऱ्याबरोबर वाहतो, त्यामुळे एक मैल घ्यायचा की दोन, ते वाऱ्यावर ठरतं. बाजूने कोणी चाललं असेल तर १२३.४५ या, विमानांनी आपसात बोलायच्या फ्रीक्वेन्सीवर विचारून घेतो, मग कॅप्टनना सांगून अंक टाकतो. स्लॉप मान्य असलेली हद्द संपण्याआधी ऑफसेट शून्य करून परत मध्यरेषेवर यायचं असतं, ती जागा मी फ्लाइट प्लॅनच्या कागदावर निघण्याआधीच गोल करून ठेवतो.