तुम्ही विचारलंत म्हणून : पेटीतली नक्षी

"ताई, सुरुवातीचं भांडवल कुठून आणलंत?"

प्रदर्शनात माझ्या चादरी-तसबिरींचा स्टॉल लावला की दिवसातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. विचारणारी मुलं बहुतेक चित्रकला शिकलेली, नाहीतर टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलेली असतात. गर्दीत मी "थोडं थोडं करत जमवलं" म्हणते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. ते उत्तर अपुरं आहे हे मला ठाऊक असतं, म्हणून इथे नीट सांगते.

रोख म्हणाल तर दहा हजार रुपये. 2011 साली, अम्माच्या भिशीचे. अम्मा विड्या वळायची. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीतल्या वीस जणींची भिशी होती, महिना पाचशे. चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिला त्या महिन्याचे दहा हजार. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी आपला नंबर लागावा असं प्रत्येकीला वाटायचं. अम्माचं नाव काही निघत नव्हतं. शेजारच्या अक्कांचं तिसऱ्याच महिन्यात निघालं आणि त्यांनी तो नंबर अम्माला दिला. व्याज नाही, लिहिणं नाही. त्यांच्या सुनेच्या बाळंतपणात अम्माने दवाखान्यात पंधरा रात्री काढल्या होत्या. त्याचा हिशेब कुणी मांडला नव्हता, पण दोघींच्याही लक्षात होता.

गल्लीत दुसरीही एक भिशी चालायची, बोलीची. तिच्यात एखादीला तातडीची गरज असली की ती दहाऐवजी साडेआठ हजारांवर नंबर उचलायची. सुटलेले दीड हजार बाकीच्या जणी वाटून घ्यायच्या. लहानपणी मला तो खेळ वाटायचा. पुढे स्वतःचा धंदा केला तेव्हा कळलं, की सगळा बाजार या बोलीच्या भिशीसारखाच चालतो. जिला घाई आहे ती पैसे सोडते आणि जिला थांबता येतं तिच्याकडे ते जातात. भांडवल म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन, थांबण्याची सोय.

आता नायनांचं सांगते. आमच्याकडे वडिलांना नायना म्हणतात. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी, असं आमचं पद्मशाली, म्हणजे विणकरांचं घर. नायना जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, चादरींसाठी नक्षी काढायचे. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा. प्रत्येक चौकोन म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठभेट. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याची कार्डं पंच व्हायची. भोक असेल तिथला धागा वर उचलला जाणार, नसेल तिथला खाली राहणार. आपली सोलापुरी चादर दुहेरी विणीची. एका अंगाला लाल जमिनीवर पिवळं फूल असेल तर उलट्या अंगाला पिवळ्या जमिनीवर लाल. त्यामुळे दोन्ही अंगांचा विचार करून चौकोन भरावे लागतात. एक नक्षी पुरी व्हायला नायनांना कधी तीन आठवडे लागायचे, कधी दोन महिने. त्यांची मान अजून डावीकडे किंचित कललेली आहे.

1996 साली त्यांनी एक मोराची नक्षी पंधराशे रुपयांना दिली. एकरकमी. ती चादर पुढे कित्येक वर्षं विणली जात होती. लग्नाच्या आहेरात, एसटीच्या सीटवर, एकदा तर पंढरपूरला वाळवंटात एका वारकरी आजींच्या अंगावर मी तो मोर पाहिला. त्या आजींना मी काही बोलले नाही. घरी येऊन मात्र नायनांना जरा रागातच विचारलं, "इतक्या स्वस्तात का दिलीत?" ते म्हणाले, "तुझ्या डिप्लोमाची फी भरायची तारीख शनिवारी होती."

म्हणून जुन्या नक्षीकारांनी अडाणीपणाने आपलं काम फुंकून टाकलं असं कुणी म्हटलं की मला सहन होत नाही. त्यांना बाजार कळत होता. थांबायची सोय नव्हती, एवढंच.

ती सोय मला अम्माच्या घराने दिली. सोलापूरलगतच्या कुंभारीजवळ विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि उरलेला हिस्सा बायकांचा. 2006 साली घरं ताब्यात मिळाली. अम्माच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लागलं. त्या दिवसापासून दर महिन्याचं भाडं थांबलं. पाच वर्षांनी मी पुढच्या खोलीत भिंतीच्या तसबिरी विणायला माग टाकला, तेव्हा कुणी घरमालक "ठकठक बंद करा" म्हणायला आला नाही. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीतून, त्यातही खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची वजावट सोसून, त्या बायकांनी भिंती उभ्या केल्या. माझ्या भांडवलाचा सगळ्यात मोठा भाग म्हणजे ते न द्यावं लागलेलं भाडं. बँकेच्या कुठल्याही कागदावर ते दिसत नाही.

तर दहा हजार, एक खोली, आणि नायनांची पत्र्याची पेटी. पेटीत न विकलेल्या नक्ष्यांचे कागद होते. काहींना वाळवी लागली होती. उरलेल्या मी स्कॅन केल्या, तारखा टाकल्या, दोन ठिकाणी ठेवल्या. तुम्हीही आजच ठेवा, पुढचं वाचायच्या आधी ठेवलंत तरी चालेल.

आणि आता मला बसलेली ठेच. पेटीतल्याच एका वेलीवर मी काम केलं, तिची चादर एका ओळखीच्या कारखान्यात विणून घेतली. पैशांऐवजी मी त्यांना दोन काठांच्या नक्ष्या दिल्या, त्यांनी मागाला काम नसेल तेव्हा माझा माल विणून दिला. अशी अदलाबदल आमच्याकडे पुष्कळ चालते आणि ती चांगली असते. चादर खपली. वर्षभरात दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडे तीच वेल दिसली, फक्त डावीकडची पानं उजवीकडे केलेली. मी वकिलांकडे गेले. मला वाटलं होतं, चित्र माझं आहे, कॉपीराइट माझाच. वकिलांनी 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं पंधरावं कलम पुढे ठेवलं. एखादी नक्षी डिझाईन म्हणून नोंदवता येण्याजोगी असेल, पण नोंदवलेली नसेल, आणि तुम्ही स्वतः किंवा तुमच्या परवानगीने कुणी यांत्रिक पद्धतीने त्या नक्षीच्या पन्नासाहून अधिक वस्तू काढल्या, तर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. एक्कावन्नावी चादर मागावरून उतरली तेव्हाच वेल माझी राहिली नव्हती. मला पत्ताही नव्हता.

हातमागावर एकुलती एक विणलेली तसबीर असती तर तिच्या चित्रावरचा हक्क माझ्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं टिकला असता. चित्र तेच. यंत्रावर चढलं की नियम बदलतो.

यावर उपाय आहे तो डिझाईन्स कायद्याचा, 2000 सालचा. नोंदणी केली की दहा वर्षं संरक्षण, पुढे आणखी पाच वाढवता येतात. अट अशी, की अर्जाआधी ती नक्षी कुठे उघड झालेली नसावी. आपली मुलं इथेच चुकतात. कागद पुरा झाला की त्याच रात्री स्टेटसला फोटो. मला तो आनंद कळतो, कौतुकाची भूक प्रत्येक कलाकाराला असते. पण आधी अर्ज, मग फोटो. इथेही गोष्ट थांबण्याचीच.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे ना, मग भीती कसली, असंही काही जण म्हणतात. ते मानांकन गावाच्या विहिरीसारखं आहे. बाहेरगावच्या चादरीवर कुणी सोलापूरचं नाव छापू नये यासाठी ते हवंच, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण सोलापुरातल्याच एकाने दुसऱ्याची वेल उचलली तर त्या विहिरीचा उपयोग नाही.

त्या ठेचेनंतर मी नक्षी विकणं बंद केलं. आता मी ती वापरायला देते. थोडी रक्कम आगाऊ आणि पुढे चादरीमागे ठरलेले रुपये. पहिल्यांदा एका कारखानदारांनी मला विचारलं, "असं कुठं असतं का?" मी त्यांना त्यांच्याच मागावरचं उदाहरण दिलं. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जॅकार्डने ते यंत्र 1804 च्या सुमारास सिद्ध केलं. पुढच्याच वर्षी नेपोलियनच्या राजवटीत ते सगळ्यांसाठी खुलं झालं, पण त्या बदल्यात जॅकार्डला पेन्शन मिळालं आणि यंत्रामागे ठरावीक रक्कम. ज्याचं यंत्र आपण वापरतो त्याला नगामागे पैसे मिळाले होते, मग त्यावर चढणाऱ्या नक्षीला का नकोत? ते हसले, पण कबूल झाले. दर महिन्याच्या बिलांवरून मला आकडा कळतो. थोडी लपवाछपवी होत असेल, ती मी धरूनच चालते.

उधारीबद्दल थोडक्यात. सूतवाला आपल्याला महिन्याची मुदत देतो आणि मोठा घेणारा आपल्याला तीन महिने लटकवतो. मधले दोन महिने आपणच त्याला बिनव्याजी कर्ज देत असतो. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी केली असेल तर छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने फार कमी जण हे बोलून दाखवतात. मी बिलावरच छापते. दोन जण तुटले, बाकीचे वेळेवर देतात.

मागच्या प्रदर्शनात हाच प्रश्न विचारणाऱ्या एका मुलीला एका ठिकाणाहून आठ हजार एकरकमी देऊ केलेत, कमळाच्या नक्षीचे. देऊ का, म्हणाली. मी तिला उलट विचारलं, "या महिन्यात तुला नक्की किती लागतात?" ती बराच वेळ बोटांवर मोजत राहिली. खोलीचं भाडं, भावाचा क्लास. साडेतीन हजार, म्हणाली. मग साडेतीन आगाऊ माग, उरलेले चादरीमागे, आणि फोटो अजून कुणाला पाठवला नसशील तर आधी अर्ज कर, एवढं मी सांगितलं. अर्जाचे कागद घेऊन ती रविवारी कुंभारीला येणार आहे. नायनांनी तिच्यासाठी चौकटीचा जुना कागद काढून ठेवलाय. कमळाच्या देठात दोन चौकोन कमी पडतात, असं त्यांचं म्हणणं आहे.